इंजिन काढलेली गाडी

“नुसती मान हलवू नकोस रे बाबा. डॉक्टरनं अशी मान हलवली की अर्धा पेशंट तिथंच जातो. तोंडानं बोल. गाडी उचलणार का नाही?”

“उचलीन की, काका. माझी क्रेन हत्ती उचलेल. पण उचलल्यावर ही एकच गाडी राहील का दोन होतील, ते मला विचारू नका.”

“दोन कशानं होतील? गाडी आहे का गांडूळ?”

क्रेनवाला नुकताच गाडीच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला होता. सदऱ्याला लागलेला चिकट काळा थर त्यानं बोटानं पुसला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. “खालचा आडवा पट्टा कुणी कापलाय?”

म्हातारा चाकाकडं बघत राहिला. चाक म्हणजे वर दिसत होतं तेवढं. खालचं सगळं सिमेंटात गाडलेलं.

“सांगा की,” गाडीच्या खिडकीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. आत ती कांदा चिरत होती. “कुणी कापला ते सांगा त्याला.”

“सिंकचा पाइप जात नव्हता,” तो म्हणाला.

“म्हणून गाडीचा कणा कापला?”

“तेव्हा कुठं हलवायची होती?”

क्रेनवाल्यानं पुन्हा मान हलवली, आणि या खेपेला त्याला कुणी हटकलं नाही. बायकोनं त्याला चहा दिला. त्यानं तो उभ्या उभ्या प्यायला, कप ठेवला आणि क्रेन घेऊन गेला.

या म्हाताऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे. गेटावरचा वॉचमन, पंख्यांच्या कारखान्यातले कामगार, पाण्याचा टँकरवाला, सगळेच. ड्रायव्हर, दोन आमलेट. ड्रायव्हर, आज चहा का नुसतं गरम पाणी? आणि त्याच्या गाडीला इंजिनच नव्हतं. स्टिअरिंग होतं, त्याला मिरच्यांची पिशवी टांगलेली असायची. हॉर्न होता, तो वाजायचासुद्धा. इंजिन तेवढं नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं, हसत हसत काढून दिलं होतं.

बरं, हा काही गाड्यांतलं न कळणारा माणूस नव्हता. उमर सगळी स्टिअरिंगमागं गेलेली. मालट्रक चालवला. खाणं ढाब्यावर, झोप सीटवर, आणि पोरीचं बारसं ते तिचं लग्न, सगळ्याला पाहुण्यासारखा येऊन गेला. शेवटी पाठीचा कणा असा खिळखिळा झाला, की बसला की उठवायला माणूस लागायचं. मालकानं निरोप देताना अंगणात सडत पडलेली एक छोटी डिलिव्हरीची गाडी दाखवली आणि म्हणाला, “ही घेऊन जा. वीक, नाही तर उशाला घेऊन झोप.”

त्यानं ती घरी आणली आणि दारात लावून तिच्याकडं पाठ करून बसला. त्याला इंजिनाचा आवाजच नको झाला होता. बायको मात्र गाडीभोवती फिरली. ती एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भात-वरण ढवळायची, बेचव, बिनमिठाचं. तिनं मागचं दार उघडलं, आत वाकून बघितलं, दोन्ही हात पसरून रुंदी मोजली.

“अहो, हिच्यात चूल मावेल.”

“माणूस मावेल का?”

“मी मावले म्हणजे झालं. तुम्ही बाहेर उभं राहून पैसे घ्या.”

झालं. एका बाजूचा पत्रा कापून खिडकी केली, तोच पत्रा बिजागऱ्या लावून वर उचलला की सावली. तवा भंगारातून आणला, जाड लोखंडी, अंगणभर. आणि गाडी नेऊन लावली पंख्यांच्या कारखान्याच्या गेटासमोर.

सुरुवातीला कुत्रंही फिरकलं नाही. कामगार डबे आणायचे, नाही तर कॅन्टीनमध्ये नाक दाबून खायचे. पण कारखान्याची जेवणाची सुट्टी अशी तोकडी, की माणूस रांगेला लागून, सांगून, वाट बघून, खाऊन परत जाईपर्यंत भोंगा व्हायचा. हे बायकोनं हेरलं. तिनं सांगून घेणंच बंद केलं. गेटातून माणूस बाहेर पडला की तिकडं बघायची, आणि इकडं अंडं फुटलेलं असायचं. लंगडत येतो तो बिनमिरचीचं. टोपीवाल्याला करपलेलं आवडतं. त्या दोघी मैत्रिणी एकच प्लेट घेतात, पण पाव जास्त लागतो. माणूस खिडकीपाशी पोचायचा आणि प्लेट पुढं यायची.

“अगं, पण आज मला भात हवा होता!” एखादा म्हणायचा.

“काल रात्री जागरण झालंय तुमचं. डोळे बघा. अंडं खा आणि जा,” ती म्हणायची. आणि तो खायचा.

अशानं गर्दी वाढली. इतकी, की मागं दुसऱ्या गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. त्यांतला एक फटफट्या. त्याची गाडी सुरू होताना बंदुकीसारखे बार काढायची म्हणून हे नाव. त्याच्याकडं ना तवा धड, ना हात धड. ड्रायव्हरच्या रांगेला कंटाळून जे मागं सरकायचे, त्यांच्यावर त्याचं पोट. संध्याकाळी तो सगळं आवरून, बार काढत घरी जायचा, सकाळी पुन्हा बार काढत यायचा.

“रोज उठून ही मिरवणूक कशाला रे काढतोस?” ड्रायव्हर त्याला डिवचायचा. “एकदा ठेव की हिला एका जागी.”

“मालक, तुमची वतनदारी आहे. आम्ही फिरते.”

वतनदारी हा शब्द ड्रायव्हरला आवडला. तिथंच खरं तर पाणी मुरलं.

रस्ता गटाराकडं उतरता होता. तव्यावरचं तेल एका कडेला जमायचं आणि घाईच्या वेळी चार जणांची आमलेटं ओघळून एकमेकांत मिसळायची. बायको उलथण्यानं त्यांना वेगळं करता करता शिव्या घालायची. मग ड्रायव्हरनं खालच्या बाजूच्या चाकांखाली विटा लावल्या. विटा सरकायच्या, म्हणून सिमेंट ओतलं. चारी चाकं पक्की. पाण्याची वाटी ठेवून बघितली, पाणी आरशासारखं सपाट. त्या दिवशी आमलेट तव्यावर गोल झालं आणि गोलच राहिलं. बायकोसुद्धा हसली.

मग जागा कमी पडायला लागली. उन्हात अंडी टिकेनात, मासे ठेवता येईनात, थंड प्यायला माणसं फटफट्याकडं जायची. फ्रीज हवा होता आणि फ्रीजला जागा होती ती एकच. ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिनाच्या जागी.

“इंजिन काढू नका,” बायको म्हणाली.

“का? तुला कुठं फिरायला जायचंय?”

“मला नाही जायचं. पण गाडी आहे ती. गाडीला इंजिन असतं.”

“हे बघ, मी आयुष्यभर इंजिनावर बसून ढुंगण भाजून घेतलं. आता त्या जागेवर बर्फ ठेवणार. यापेक्षा मोठं सुख सांग मला.”

बायकोचा धाकटा भाऊ गॅरेजवाला. त्याच्या टेम्पोचं इंजिन नेमकं तेव्हाच बसलं होतं. तो आला, दाजी दाजी करत मान खाजवत उभा राहिला. ड्रायव्हरनं स्वतः नटबोल्ट सोडवले. इंजिन बाहेर निघालं तेव्हा त्यावर थाप मारली आणि म्हणाला, “जा बाबा, सासरी जा.” सगळे हसले.

आणि खोटं कशाला सांगू, धंदा खरंच वाढला. थंड बाटल्या आल्या, मासे आले, सिंक आलं. सिंकचा पाइप खाली जाईना म्हणून तो आडवा पट्टा कापला गेला. कापताना ठिणग्या उडत होत्या आणि वॉचमन लांबून म्हणत होता, “अहो ड्रायव्हर, चालत्या गाडीचा पाय कापताय काय?” ड्रायव्हर म्हणाला, “पाय कसला, वाढलेलं नख आहे.”

तपासणीला पालिकेचे साहेब आले, की नियमाप्रमाणं विचारायचे, गाडी हलती ठेवता ना? ड्रायव्हर केबिनमध्ये चढून स्टिअरिंग धरून हॉर्न वाजवायचा. साहेब मासा खायचे, बोटं चाटायचे आणि जायचे.

फायदा होता, हे कुणी नाकारू नये. घराला पक्कं छप्पर पडलं, पोरीच्या सासरी मान राहिला. ड्रायव्हरच्या अंगावर मांस चढलं. फायदा होता तो गाडी रुतवल्यामुळंच होता. बाकीच्यांना जे जमलं नाही ते याला जमलं, कारण बाकीच्यांची गाडी रोज घरी जायची.

मग एका सकाळी वॉचमन नेहमीपेक्षा लवकर आला आणि चहा न मागताच बाकावर बसला.

“गेट बंद होतंय,” तो म्हणाला.

“दुरुस्ती?”

“कसली दुरुस्ती? कायमचं. नवं गेट पलीकडं हायवेच्या बाजूला काढलंय. कंपनीच्या बसेस तिकडंच येणार, तिकडूनच जाणार. सोमवारपासून हे वेल्डिंग करून टाकणार.”

“आणि तू?”

“मी इथंच. बंद गेटालाही वॉचमन लागतो म्हणे. भिंत कुणी चोरून नेईल!”

ड्रायव्हर हसला. तवा पुसत होता तो, पुसतच राहिला. कारखान्याला वळसा घालून नव्या गेटाशी जायचं तर गाडीनं चुटकीसरशी, पण पायी माणूस जाऊन खाऊन परत येईपर्यंत अर्धी पाळी संपेल. कामगार इकडं येणार नाहीत. म्हणजे गाडीनं तिकडं जायला हवं.

त्याच संध्याकाळी फटफट्यानं आवरलं, बार काढले, आणि निघताना खिडकीपाशी थांबला. “मालक, मी तिकडं पहिली जागा धरतोय. शेजारची तुमच्यासाठी राखतो. पण लवकर या, सोमवारनंतर तिथं सुई टोचायला जागा राहणार नाही.” त्यात कुत्सितपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

नवी गाडी घ्यायची ताकद नव्हती. होतं ते छपरात आणि पोरीत घातलेलं. हातगाडी लावायची तर तवाच तिच्यात मावेना, आणि वॉचमननं सांगितलं, तिकडं हायवेवर हातगाडीला उभंच राहू देत नाहीत. मग क्रेनवाल्याला बोलावलं, आणि तो काय बोलून गेला ते वर सांगितलंच.

उरला मेव्हणा.

रविवारी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आधीच ड्रायव्हरला आवाज कळला. ते इंजिन रिकामं चालताना मध्येच एक ठोका गिळायचं, म्हाताऱ्याला जेवताना ठसका लागावा तसं. इतक्या वर्षांतही ती खोड गेली नव्हती.

“व्हॉल्व्ह बघितलेस का रे ह्याचे?” ड्रायव्हरनं पहिलं हेच विचारलं.

“बघितले, दाजी. त्याची सवयच आहे ती.”

दोघांनी मिळून घण आणि पहारीनं सिमेंट फोडलं. पाठीनं दगा दिला की ड्रायव्हर बाकावर बसायचा, पुन्हा उठायचा. चाकं मोकळी झाली तेव्हा खालचे टायर भाकरीसारखे चपटे निघाले. मेव्हण्यानं जुने टायर आणले होते, ते चढवले. गाडीखालून वर्षानुवर्षांचं खरकटं पाणी आणि तेल जिरून लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. मेव्हण्यानं स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो आत गेला.

“दाजी, हे लोखंड राहिलं नाही. केक झालाय.”

“हळू ओढ. पहिल्या गिअरला. क्लच सोडताना श्वास सोडल्यासारखा सोड.”

“आणि मधून गेली तर?”

“नाही ओढली तरी कुठं जाते आहे?”

बायकोनं आतली भांडी काढून बाकावर मांडली होती. तवा काढता येत नव्हता, तो जिथल्या तिथं जखडलेला. फ्रीजही तसाच. ती बाजूला उभी राहिली, पदर तोंडाला नाही, हात कमरेवर.

साखळी बांधली. मेव्हणा टेम्पोत बसला. ड्रायव्हर बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या गाडीच्या केबिनमध्ये, फ्रीजच्या वर, अंग चोरून बसला आणि स्टिअरिंग धरलं. मिरच्यांची पिशवी काढून खिडकीबाहेर दिली. हॉर्न वाजवला.

टेम्पोनं जोर घेतला. साखळी ताठ झाली. इंजिनानं एक ठोका गिळला, मग घसा खाकरून खालच्या आवाजात ओढायला लागलं, आणि गाडी हलली. खरंच हलली. पुढची चाकं फिरली. ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंग जिवंत झालं, आणि तोंडातून शब्द गेला, “वा रे पठ्ठ्या!”

मग सीटखाली काहीतरी कडकडलं. मोठा आवाज नाही. ऊस मोडावा तसा. पुढचा भाग हातभर पुढं गेला, मागचा भाग जागीच राहिला, आणि मधे, जिथं सिंक होतं तिथं, गाडी खाली बसली. आतून बाटल्या घरंगळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मेव्हण्यानं टेम्पो बंद केला. उतरला, येऊन बघितलं, आणि डोक्याला हात लावून तिथंच रस्त्यावर बसला.

“दाजी, मी जास्त जोर लावला.”

“नाही रे. बरोबर ओढलीस,” ड्रायव्हर आतूनच म्हणाला. “दार उघडत नाही, तेवढं बाहेरून ओढ.”

दार काही उघडलं नाही. त्याला खिडकीतून काढलं, मेव्हण्यानं खांद्याला धरून, वॉचमननं पायाला. बाहेर आल्यावर तो गाडीकडं न जाता टेम्पोकडं गेला. बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

“चांगलं ठेवलंयस इंजिन,” तो म्हणाला. “अजून दम आहे त्यात.”

बायकोनं बाकावरची भांडी आवरायला घेतली. जे बोलायचं ते ती फार पूर्वी बोलून चुकली होती, आणि तेच पुन्हा बोलण्यात तिला रस नव्हता.

सोमवारी गेट वेल्डिंग झालं. निळ्या ठिणग्या पडल्या, वॉचमननं खुर्ची जरा मागं सरकवली, संपलं. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा सवयीनं तिघांनीही गेटाकडं बघितलं. भिंतीपलीकडं माणसांचा गलका ऐकू आला, तो लांब लांब गेला आणि पलीकडच्या बाजूला विरला.

दुपारी फटफट्या बार काढत आला. या वेळी गाडी आवरून नव्हे, अर्ध्यातून सोडून आला होता. शर्टावर अंड्याचे डाग.

“काकू, जमत नाही मला,” तो थेट बायकोलाच म्हणाला. “सगळे तुमचंच नाव घेतात. तो लंगडा म्हणतो, काकूंना विचारा मला काय लागतं. मी काय ज्योतिषी आहे? तुम्ही माझ्या तव्यावर या. अर्धा वाटा तुमचा.”

ड्रायव्हर बाकावर बसून बटाटे सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

“मालकांनाही घेतलं असतं,” फटफट्या चाचरत म्हणाला, “पण गाडीत जागा...”

“इंजिन काढ की,” ड्रायव्हर म्हणाला. “होते जागा.”

कुणी हसलं नाही. फटफट्यानं चपलेनं माती उकरली.

बायकोनं हात पुसले. गाडीत वाकून जाऊन तिनं तिचं उलथणं आणलं, लाकडी मुठीचं, एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. ते कापडात गुंडाळलं.

“मी जाते,” ती म्हणाली.

“जा.”

“भात झाकून ठेवलाय. वॉचमनला द्या आणि तुम्हीही खा. नुसता चहा पीत बसू नका.”

“जा म्हटलं ना. दुसरा भोंगा होईल.”

ती फटफट्याच्या शेजारी बसली, मांडीवर उलथणं घेऊन. गाडीनं बार काढले. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. ती सरळ पुढं बघत होती, गेटातून येणारी माणसं बघायची तशी.

ड्रायव्हरनं बटाटे सोलून संपवले. सालं गोळा केली. मोडलेल्या गाडीत वाकून शिरला. आत सगळं मधल्या बाजूला उतरतं झालं होतं. उभं राहायचं तर एक गुडघा वाकवून उभं राहावं लागे. गॅस पेटवला. तेल टाकलं, ते धावत जाऊन खालच्या कडेला जमलं. त्यानं एक फरशीचा तुकडा घेऊन तव्याच्या पायाखाली ठोकला. काही फरक पडला नाही.

“ड्रायव्हर,” वॉचमन खुर्चीवरून ओरडला, “आमलेट होईल का एक? भात नको आज.”

“होईल. गोल मागू नकोस.”

उलथणं नव्हतं. त्यानं इकडं तिकडं शोधलं, भिंतीचा गिलावा खरवडायची पत्र्याची पट्टी सापडली, ती फडक्यानं पुसली. अंडं फोडलं. ते तव्यावर पडलं आणि लगेच उताराला लागलं. त्यानं पट्टी आडवी धरून ते अडवलं, आणि शिजेपर्यंत तसाच वाकून धरून उभा राहिला.